बाबा घरी नाहीत

एक जुना विनोद आहे. उधारी वसूल करायला माणूस दारात येतो. बाप आतून पोराला सांगतो, जा, बाबा घरी नाहीत म्हणून सांग. पोरगं दारात जाऊन सांगतं, "बाबांनी सांगितलंय की ते घरी नाहीत." संपला विनोद. तुम्ही तो शंभरदा ऐकला असेल, कुठल्यातरी दिवाळी अंकात पानाच्या तळाशी वाचलाही असेल. आमच्या घरी तो घडलेला आहे, आणि त्यातलं पोरगं मी आहे.

साल २००४, गाव विटा, माझं वय सात. बाबांचं एसटीडीचं बूथ होतं. पिवळी पाटी, काचेची केबिन, आत लाल आकडे पळणारं मीटर. मोबाइल स्वस्त व्हायला लागले तसं केबिनमध्ये शिरणारं माणूस कमी होत गेलं. मग बाबांनी जोडधंदा म्हणून सेकंडहँड झेरॉक्स मशीन घेतलं, ओळखीतल्या एकांकडून पैसे उचलून. त्यांना मी काका म्हणायचो. येताना ते माझ्यासाठी लिमलेटच्या गोळ्या आणायचे. त्यामुळे त्या दिवशी ते दारात दिसल्यावर मी खूश होऊन जे सांगायचं होतं ते सगळं सांगून टाकलं. बाबा आत पलंगावर बसलेत, पण तुम्हाला नाहीत म्हणून सांगायचंय.

ही गोष्ट आमच्या घरात मुंजी, बारसं, साखरपुडा, कुठेही निघते. आत्या तर साभिनय सांगते, माझा तेव्हाचा बोबडा आवाज काढून. (मी सातव्या वर्षी बोबडा नव्हतो. पण असो.) सगळे हसतात, मीही हसतो. पुढे काय झालं ते मात्र कुणी सांगत नाही. बाबा शर्टाची बटणं लावत बाहेर आले आणि म्हणाले, या, बसा. काका बसले नाहीत. आवाज न चढवता दोन-तीन वाक्यं बोलले, जाताना खिशातल्या गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि गेले. त्या गोळ्या मी खाल्ल्या. चार-पाच दिवसांनी झेरॉक्स मशीन टेम्पोत चढलं. बाबा मला त्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि हाच तर सगळा लोचा आहे. ओरडले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

आता हे उगाळायचं कारण. परवा ताई आणि भाची राहायला आल्या होत्या. शनिवारी सकाळी मॅनेजरचा फोन आला. आदल्या रात्री रिलीज झालेलं, म्हणजे हा फोन चांगल्या कामासाठी नसणार हे ओघानंच आलं. मी फोन सहा वर्षांच्या भाचीच्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, मामा झोपलाय म्हण. पोरीनं काय झकास सांगितलं! जराही अडखळली नाही, वर "रात्रभर जागा होता" असं स्वतःच्या पदरचं जोडलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग ती दिवाणावर चढून टीव्ही बघत बसली आणि मला काही केल्या नाश्ता गोड लागेना.

त्या दुपारी कपाटातून बाप्सी सिधवांचं 'आइस-कँडी-मॅन' काढलं. इंजिनिअरिंगला असताना एकदा वाचलं होतं, तेव्हा फाळणीची कादंबरी म्हणून. (दीपा मेहतांचा १९९८ चा '१९४७ अर्थ' याच्यावरच बेतलेला, आमिर खान आणि नंदिता दासवाला.) या खेपेला मी फक्त त्यातल्या मुलीकडे बघत होतो.

लाहोरमधलं पारशी घर. लेनी ही तिथली लहान मुलगी, पोलिओनं एक पाय अधू झालेला. तिला सांभाळणारी आया हिंदू आहे, देखणी आहे, आणि बागेत तिच्याभोवती सगळ्या धर्मांचे चाहते गोळा होतात. त्यातलाच एक हा बर्फाच्या कांड्या विकणारा. मग १९४७ उजाडतं. त्याचे नातेवाईक ज्या गाडीनं यायचे ती गुरदासपूरची गाडी प्रेतं घेऊन येते, आणि हा माणूस बदलतो. एके दिवशी जमाव लेनीच्या घरी येऊन हिंदू आया कुठाय म्हणून विचारतो. घरातला म्हातारा खानसामा इमामदीन मुसलमान आहे. तो अल्लाची शपथ घेऊन सांगतो की ती गेली. खोटी शपथ! आणि जमावाला ती पटायलाही लागते. तेवढ्यात कांडीवाला लेनीजवळ येऊन बसतो आणि मायेनं, ओळखीच्या आवाजात विचारतो. लेनी सांगून टाकते.

लेनीला आधी एकदा घरात प्लेट फुटल्यावर खरं कबूल केलं म्हणून आईकडून भरभरून कौतुक मिळालेलं आहे. खरं बोललं की मोठी माणसं जवळ घेतात, हे तिला पक्कं ठाऊक. ते ज्ञान तिनं वापरलं. आयेला ओढत नेतात, आणि त्यानंतर तीन दिवस लेनी आरशासमोर उभी राहून स्वतःची जीभ टूथब्रशनं रक्त येईपर्यंत घासते.

हे पान वाचताना मला लिमलेटच्या गोळीची चव आली. अतिशयोक्ती वाटेल, पण आली.

आता मुद्द्यावर येतो. अशा पुस्तकांच्या मलपृष्ठावर एक ठरलेलं वाक्य असतं. निरागस बालपणाचा अंत, कोवळ्या मनावरचा आघात, वगैरे. परीक्षणांतही तेच. त्यातून असं चित्र उभं राहतं की मूल म्हणजे कोरी पाटी, मग त्याला काहीतरी भयंकर दिसतं आणि पाटी काळी होते. माझं म्हणणं असं की चांगल्या पुस्तकांत असं घडत नाही. लेनीनं त्या दिवसापर्यंत काय काय पाहिलंय बघा. माणसाला दोन जीपना बांधून फाडताना तिनं गच्चीवरून पाहिलंय. घरी येऊन तिनं बाहुलीचे पाय ओढून ओढून ती फाडली. म्हणजे जगात काय चालतं हे तिला कळून चुकलंय. जीभ घासायची वेळ मात्र तिच्यावर तेव्हा आली नव्हती. पाहिल्यामुळे ती घाबरली. बोलल्यामुळे तिला स्वतःची किळस आली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांना एकच नाव देतो.

खरं तर आपल्या भाषेत त्यांना दोन नावं आहेत. अजाण आणि निरागस. मी संस्कृत शंभर मार्कांना घेतलं ते केवळ स्कोअरिंग म्हणून, पण मोल्सवर्थ-आपटे चाळायची खोड तिथूनच लागली. 'आगस्' म्हणजे अपराध. ज्याच्या माथी अपराध नाही तो निरागस. ज्याला कळत नाही तो अजाण. आपण बाळाच्या फोटोखाली 'निरागस हास्य' लिहून लिहून दोन्हींची खिचडी करून टाकली. मुलाचं अजाणपण जाणारच असतं, आज ना उद्या. ते जाण्यात फारसं रडण्यासारखं नाही. रडण्यासारखं आहे ते दुसरं.

हाच चष्मा लावून अरुंधती रॉय यांचं 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' बघा. १९९७ चं बुकर मिळालेलं ते. केरळातलं आयमेनेम, साल १९६९, जुळी भावंडं एस्था आणि राहेल, वय सात. (सातच! मी दोनदा उलटून खात्री केली.) एस्थावर झालेला आघात म्हटलं की सगळ्यांना अभिलाष टॉकीजचा प्रसंग आठवतो. 'साउंड ऑफ म्युझिक' बघायला गेलेलं कुटुंब, बाहेरच्या लॉबीत शीतपेयं विकणारा तो माणूस, आणि त्यानं मुलाच्या हाताचा केलेला वापर. वाचवत नाही इतकं नेमकं लिहिलंय. पण त्यानंतर एस्था काय करतो? कुणाचंही काहीही होऊ शकतं, तेव्हा तयारीत राहावं, असं मनाशी ठरवतो. नदीपलीकडे पळून जायची तयारी करतो, होडी डागडुजीला काढतो. म्हणजे तो भ्यालाय, पण हलतोय, बोलतोय, बहिणीबरोबर बेत आखतोय. अजाणपण गेलंय, बाकी शाबूत.

तो कायमचा मिटतो पोलीस ठाण्यात. मामेबहीण सोफी मोल नदीत बुडालेली. आई अम्मूचे संबंध वेलुताशी, जो परवन, म्हणजे अस्पृश्य. घरची इभ्रत राखायला बेबी कोचम्मा या आजोबांच्या बहिणीनं पोलिसांत खोटी तक्रार दिलेली, की त्यानं अम्मूवर जबरदस्ती केली. पोलिसांनी त्याला मरेस्तोवर मारल्यावर कळतं की तक्रारीत दम नाही. मग वृद्ध बाई मुलांना समोर बसवून हिशेब मांडते. वेलुतानं आम्हाला पळवून नेलं असं म्हणा, नाहीतर तुमची आई तुरुंगात जाईल. वेलुता हा या मुलांचा जगातला सगळ्यात लाडका माणूस. एस्थाला आत नेतात. इन्स्पेक्टर विचारतो आणि एस्था 'हो' म्हणतो. एक शब्द. त्याच रात्री कोठडीत वेलुता मरतो. त्यानंतर हा मुलगा हळूहळू, कुणाच्या लक्षातही येणार नाही अशा बेतानं, बोलायचाच थांबतो.

लेनी खरं बोलली, एस्था खोटं. दोघांनीही शिक्षा केली ती जिभेला. खऱ्या-खोट्यानं काही फरक पडला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण मुलांना संस्कार म्हणून जे काय देतो त्याची सुरुवातच 'नेहमी खरे बोलावे' इथून होते. दोन्ही वेळा काम मोठ्यांचं होतं आणि ते पुरं करायला मुलाचा शब्द लागला. आमच्याकडे गिटमध्ये 'ब्लेम' नावाची कमांड आहे. कोडमधली कुठली ओळ कुणी लिहिली ते नावासकट दाखवते. ती ओळ त्याला कुणी, कुठल्या मीटिंगमध्ये, काय धाक घालून लिहायला लावली, हे ती दाखवत नाही. वर्षभरानं बग निघाला की स्क्रीनवर नाव असतं ते बिचाऱ्या नव्या पोराचं. एस्थाच्या बाबतीत तर ती कमांड तो स्वतःच आयुष्यभर स्वतःवर चालवत बसतो.

इयन मॅकएवनच्या 'अटोनमेंट'मधली ब्रायनी इथे कुणी आणेल. ती तेरा वर्षांची, तिला कुणी धाक घातलेला नाही, ती स्वतःच्या मनानं रॉबीचं नाव घेते. मान्य, ती थोडी वेगळी केस आहे. पण तिथेही एकदा तिनं 'मी पाहिलं' म्हटल्यावर घरातली सगळी मोठी माणसं ते वाक्य घट्ट धरून ठेवतात, कारण मोलकरणीच्या शिकलेल्या मुलावर आळ जाणं सगळ्यांना सोयीचं आहे. तिला मागे फिरायला जागाच ठेवत नाहीत. ते पुस्तक मला बाकी कारणांसाठी थोडं हुशारीचं वाटतं, त्यामुळे पुढे जातो.

उलट उदाहरण द्यायचं तर हार्पर लीचं 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. १९६० सालचं. सगळे त्यातला खटला आठवतात, टॉम रॉबिन्सनला वाचवू न शकलेला अॅटिकस आठवतात. मला शेवटचा व्हरांडा आठवतो. बॉब यूएल या माणसानं अंधारात मुलांवर हल्ला केला, आणि शेजारचा, कधीच घराबाहेर न पडणारा बू रॅडली धावून आला. झटापटीत यूएल मेला. शेरीफ हट्टाला पेटतो की यूएल स्वतःच्याच सुरीवर पडला. बूला गावासमोर उभं करायचं नाही म्हणून हे असत्य. आणि अॅटिकस, ज्यानं जन्मात मुलांशी खोटं केलं नाही, तो शेवटी स्काउटकडे वळतो आणि तिला विचारतो की तुला हे समजू शकेल का. ती म्हणते, समजतंय, आणि का ते स्वतःच्या शब्दांत सांगते. जेमतेम आठ-नऊ वर्षांची पोर! तिलाही मोठ्यांच्या खोट्यात सामील करून घेतलंय, पण तिला विचारून, कारण सांगून. तिला वापरलेलं नाही. त्यामुळे त्या रात्री इतकं सगळं होऊनही स्काउट झोपते. हा प्रसंग सोयीचा आहे, गोरगरीब काळ्या माणसाला न्याय नाही आणि गोऱ्या शेजाऱ्याला मात्र सवलत, असा आक्षेप घेता येतो आणि तो बरोबर आहे. पण बाप-लेकीतल्या त्या एका प्रश्नाबद्दल माझं मत बदलत नाही.

आता मराठीत या. बालपण म्हटलं की आपण लगेच लंपन काढतो किंवा 'शाळा' काढतो. मलाही ती पुस्तकं जीव की प्राण आहेत. पण अजाणपण हा काही घरांनाच परवडणारा माल आहे, हे मला ती वाचून कळलं नाही. ते कळलं होस्टेलवर, रूममेटच्या ट्रंकेतून 'अक्करमाशी' आणि 'उचल्या' घेऊन वाचल्यावर.

शरणकुमार लिंबाळ्यांच्या पुस्तकाचं (१९८४) नावच बघा. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा भरले तर माल खोटा. अनौरस मुलाला समाजानं दिलेलं हे नाव. शाळेत बापाचं नाव काय लिहायचं, इथपासून त्या मुलाची उलटतपासणी सुरू होते. भूक म्हणजे काय, आईच्या वाट्याला काय आलंय, पाटलाचा वाडा म्हणजे काय, हे त्याला पाळण्यापासून माहीत आहे. तो अजाण कधीच नव्हता. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) तर कायदाच घरात शिरलेला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो रद्द झाला, पोलिसांच्या डोक्यातून काही गेला नाही. रात्री-अपरात्री पोलीस झोपडीत शिरून मारहाण करतात आणि मुलं बघत असतात. आगस् म्हणजे अपराध म्हटलं ना मघाशी? इथे मुलानं तोंड उघडायच्या आतच अपराध त्याच्या नावावर चढवून झालेला आहे. त्याला 'हो' म्हणायला लावायचीसुद्धा गरज उरली नाही. आणि तरी ही पुस्तकं वाचताना एक क्षणही असं वाटत नाही की हा मुलगा मलिन आहे. सगळं कळत असलेलं आणि तरीही निरागस असं मूल मला मराठीत या आत्मकथनांत भेटलं. त्यावर 'हरवलेलं बालपण' असा शिक्का मारून कार्यक्रम करणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, की हरवायला आधी कुणाकडे होतं?

(आठवीत 'श्यामची आई' वाचायला लावली होती. त्यात सावकाराचा माणूस दारात येऊन आईला वाट्टेल ते बोलतो. वर्गात सगळ्यांना आईच्या आजारपणाशी रडू यायचं, मला त्या पानाशी. बाईंनी कारण विचारलं. मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं.)

यावर माझा एक मित्र म्हणाला की तू अती करतोयस. तुझ्या बाबांचं झेरॉक्स मशीन आणि लाहोरचा जमाव यांची तुलना होते का? नाही होत. कुणी मेलं नाही, कुणाला ओढून नेलं नाही. पण सात वर्षांच्या मुलाकडे तराजू नसतो. काका परत कधी आले नाहीत, मशीन गेलं, सहा महिन्यांनी बूथही गेलं आणि बाबा एका दुकानात हिशेब लिहायला जाऊ लागले. हे सगळं मी बोललो म्हणून झालं, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. बूथ मोबाइलमुळे गेलं हे अर्थशास्त्र मला नंतर कळलं. आणि कुणी विचारलंच नाही, तर मी सांगणार कुणाला? घरच्यांच्या लेखी तो विनोद होता. मुलांना काय कळतंय!

साहित्यातली मुलं निदान कादंबरीभर आपल्यासमोर असतात, आपण त्यांना चारशे पानं ऐकून घेतो. घरातल्या मुलाला आपण दोन वाक्यं ऐकत नाही आणि वर त्याचा किस्सा करतो. मीही तेच केलं. भाचीला फोन दिला, हसलो, ताईला म्हणालो, काय तयार आहे बघ पोरगी. संध्याकाळी मी तिला जवळ बसवून सांगायचा प्रयत्न केला की मामानं चुकीचं केलं, मामाला काम टाळायचं होतं. ती म्हणाली, "मला माहितीये." आणि मग, "ते काका तुला काढून टाकणार का?" म्हणजे दिवसभर टीव्ही बघता बघता तिच्या डोक्यात हे चाललेलं! मी तिच्यासमोर मॅनेजरला फोन लावला आणि झोपलो नव्हतो, असं सांगितलं. मॅनेजर तसा चांगला आहे, हसला. मग म्हणाला, लॉगिन कर.

मागच्या रविवारी गावी गेलो होतो. जेवणं झाली, आत्यानं पुन्हा तो किस्सा काढला, सगळे हसले. रात्री बाबा आणि मी अंगणात खाटा टाकून पडलो होतो. मी धीर करून विचारलं, त्या दिवशी मी सांगितलं नसतं तर मशीन राहिलं असतं का हो? बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं झोपले.

"ते खराबच होतं रे," मग म्हणाले. "ड्रम गेलेला त्याचा. प्रत्येक कॉपीवर काळी रेघ यायची."